एकटीला पुरेल अशी गिटार

माझ्या मोठ्या जाऊबाई गातात. नुसत्या गात नाहीत. शब्द त्यांचे, चाल त्यांची आणि गिटारही त्याच वाजवतात. हे आधीच स्पष्ट सांगून ठेवते, कारण कित्येक वर्षं लोकांनी त्यांची गाणी ऐकली, माना डोलावल्या आणि कार्यक्रम संपल्यावर कौतुक करायला गेले ते शेजारी उभ्या असलेल्या भलत्याच माणसाचं. मला त्याचा राग तेव्हाही यायचा. गेल्या वर्षी जे झालं त्यानंतर तर तो पोटात मावेनासा झाला आहे.

मी त्यांना वहिनी म्हणते. आम्ही दोघी जावा एकाच इमारतीत राहतो, त्या वर आणि मी खाली. मी शाळेत खेळाची बाई आहे, त्यामुळे सुरांशी माझा संबंध शिट्टीपुरताच. पण त्यांच्या स्वयंपाकघराची फरशी म्हणजे माझ्या स्वयंपाकघराचं छत. इस्त्री करताना त्या एखादी ओळ गुणगुणतात, मग इस्त्री थांबते, मग तीच ओळ एक शब्द बदलून पुन्हा ऐकू येते. त्यांची निम्मी गाणी मी अशी छतातून, कच्ची असतानाच ऐकलेली आहेत.

पोटापाण्यासाठी वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करतात. दुकानाच्या मागे पडदा लावलेली अंधारी खोली आहे आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांची पाटी उजळते. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, हे बरं की हे, पहिलं की दुसरं. दिवसभर हाच प्रश्न. माणसं गांगरतात. आपण चुकीचं उत्तर देऊ आणि वर्षभर चुकीचा चष्मा लावून ठेचकाळत फिरू, अशी धास्ती त्यांना वाटते. वहिनी त्यांना सांगतात, दोन्ही सारखंच दिसत असेल तर सारखंच म्हणा, तेही उत्तरच आहे. त्यांचा आवाज खाली उतरणारा, भरदार आहे. लहानपणी त्यावरून त्यांना बाप्या म्हणून चिडवायचे. त्या आवाजात त्यांनी हे विचारलं की माणूस जरा टेकून बसतो.

बँड तिघांचा होता. वहिनी, एक कीबोर्ड वाजवणारा अबोल गृहस्थ, आणि उस्ताद. उस्ताद हे नाव त्याला कुणी दिलेलं नव्हतं, त्याने स्वतःच घेतलं होतं. दिवसा तो विमा विकायचा. गिटार मात्र उत्तम वाजवायचा, ते नाकारून मी खोटं बोलणार नाही. पण जाहिरातीच्या कागदावर मधोमध त्याचा फोटो, आणि वहिनी एका बाजूला, अर्धा खांदा कापलेल्या. माइकवर तो म्हणायचा, 'आता ऐका आमचं नवं गाणं.' ते 'आमचं' ऐकलं की मी खुर्चीत चुळबुळायचे. वहिनींच्या हातातही गिटार असायची, पण जुनीपानी, मागे झुणझुण करण्यापुरती. तिचा आवाज स्पीकरमध्ये जवळजवळ यायचाच नाही. उस्ताद तो येऊ द्यायचा नाही.

मग एके सकाळी फोनवर उस्तादचा निरोप आला. बँडने नव्या दमाचा आवाज घ्यायचं ठरवलं आहे, एक कॉलेजातली मुलगी मिळाली आहे, तिचा आवाज छान उंच जातो. ताईंनी आता मार्गदर्शक म्हणून राहावं. समोर बसून सांगायचीही तसदी घेतली नाही. वहिनींनी फोन भाऊजींपुढे सरकवला. माझे हे मोठे दीर लिफ्ट दुरुस्त करतात आणि बोलतात मोजकंच. त्यांनी निरोप दोनदा वाचला आणि म्हणाले, 'लिफ्ट कायमची बंद पडली की आम्हीपण अशीच पाटी लावतो. देखभाल सुरू आहे म्हणून.'

वहिनी हसल्या, पण त्यानंतर बरेच दिवस माझ्या छतातून काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, संपलं. पण तसं नव्हतं. त्यांच्या दुकानासमोर पुस्तकांचं दुकान आहे. तिथल्या मालकीणबाई चष्मा करून घ्यायला आल्या होत्या. महिन्यातून एका रविवारी दुपारी त्या दुकानात खुर्च्या मांडून काहीतरी वाचन, गाणं असं ठेवतात. वहिनींनी त्यांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवता सरकवता विचारून टाकलं, मी एकटीने गायले तर चालेल का. बाई म्हणाल्या, चालेल काय, धावेल.

आता गिटार हवी होती. जुनीचा तारा धरून ठेवणारा लाकडी तुकडा पोटापासून सुटत चालला होता आणि तारा इतक्या उचलल्या होत्या की दाबताना बोटांना वळ पडायचे. वहिनींनी मला त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसवून समजावलं. बँडमध्ये गिटार नीट वाजली नाही तर झाकून जाते. एकटीने गाताना ठेकाही तिनेच धरायचा, मोकळी जागाही तिनेच भरायची आणि गाणारीने श्वास घेतला की तिनेच सांभाळून घ्यायचं. आणि एवढं सगळं करून शब्दांच्या वाटेत यायचं नाही. 'माझा आवाज खालचा,' त्या म्हणाल्या, 'गिटारचाही खालचा असला तर दोघं एकाच खुर्चीत बसायला बघणार.' मला तंत्र कळलं नाही, खुर्ची कळली.

पहिल्या दुकानात भाऊजी गाडी घेऊन सोबत गेले, हीच चूक झाली. काचेचं मोठं दुकान, विक्रेता टाय लावलेला. त्याने भाऊजींना विचारलं की मॅडमसाठी कशा प्रकारची बघायची. भाऊजींनी सांगितलं की मी लिफ्टवाला, गाणाऱ्या या आहेत. तो हसला आणि पुन्हा भाऊजींनाच म्हणाला की लेडीजसाठी हलकी, छोटी, नाजूक रंगाची आहे, मॅडमच्या हाताला झेपेल. ज्या हातांनी वहिनी दिवसभर चौकटी वाकवतात आणि बारीक स्क्रू पिळतात, त्या हातांबद्दल हे बोलणं चाललं होतं. त्यांनी ती गिटार स्पीकरला जोडून दाखवायला सांगितली. तो भाऊजींना म्हणाला, त्याची काही गरज नाही, घरच्या घरी वाजवायला पुरे आहे.

दुसऱ्या दुकानात मी गेले. तिथला पोरगेलासा विक्रेता स्वतःच बसून वाजवत राहिला. बोटं अशी पळत होती, जणू कबुतरांपुढे दाणे टाकलेत. वहिनींनी हात पुढे केला, त्याने आणखी एक तुकडा वाजवला. शेवटी गिटार त्यांच्या हातात देताना विचारलं, 'शिकायला कधीपासून सुरुवात करताय?' तिसऱ्या दुकानात त्यांना वाजवू दिलं, पण त्यांनी तोंड उघडून गायला सुरुवात करताच मॅनेजर लगबगीने आला आणि म्हणाला, मॅडम, दुकानात गाऊ नका, इतर गिऱ्हाइकांना त्रास होतो. वाद्यांच्या दुकानात गाण्याचा त्रास. अहो, मडकंसुद्धा माणूस वाजवून घेतो. मी त्याला तसं म्हटलंही. वहिनींनी माझं मनगट धरलं आणि मला बाहेर काढलं.

त्या दमल्या होत्या, आणि नेमका तेव्हाच उस्तादचा फोन आला. आवाजात नुसता मध. झालं गेलं विसर म्हणाला, तू एकटी गाणार आहेस हे ऐकून आनंद झाला, गिटारचं मी बघतो, माझा एक मित्र दुकान चालवतो. मी म्हटलं, मांजर उपाशी उंदराला जेवायला बोलावतंय. पण वहिनींनी त्या माणसाबरोबर अर्धं आयुष्य गाण्यात घालवलं होतं, त्यांना तसं वाटलं नाही. त्या गेल्या. मीही गेले.

दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं, अरुंद आणि खोल. भिंतींवर गिटारी टांगलेल्या, लाकडाचा आणि पॉलिशचा वास. मालक दाढीवाला, सतत चष्मा कपाळावर ढकलणारा, बोलायला भिडस्त. उस्तादने विचारपूसही केली नाही. सरळ जाऊन भिंतीवरून एक भल्यामोठ्या पोटाची गिटार उतरवली, स्टुलावर बसला आणि वाजवली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. सगळं दुकान भरून गेलं. दाढीवाला काहीतरी बोलायला लागला, की एकट्या आवाजासाठी बघायची तर जरा, पण उस्तादने त्याचं बोलणं तोडलं. वहिनींनी स्पीकरला जोडून बघू म्हटलं, तर म्हणाला, इथला स्पीकर भंगार आहे, त्यावर काय कळणार, माझ्या कानांवर विश्वास नाही का. वहिनींनी बसल्या बसल्या चार सूर छेडले. ती गिटार इतकी मोठी होती की तिच्यामागे त्यांचा फक्त चेहरा आणि उजवं कोपर दिसत होतं. आणि घेतली.

तो रविवार. पुस्तकांच्या कपाटांमधल्या मोकळ्या जागेत खुर्च्या, एका टोकाला माइक, बाजूला तिवईवर स्पीकर. आमच्या इमारतीतली माणसं आली होती, चष्म्याच्या दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं आली होती, आणि पहिल्या रांगेत, पाय लांब करून, उस्ताद.

पहिल्याच गाण्यात काहीतरी बिनसलं होतं. वहिनींचे ओठ हलत होते, सूर येत होता, पण शब्द गिटारच्या खाली दबत होते. अडकलेल्या लिफ्टमधल्या दोन अनोळखी माणसांचं ते गाणं आहे. त्यात शब्दच ऐकू आले नाहीत तर उरतं काय? दुसऱ्या गाण्यात त्यांनी वरची जाड तार छेडली आणि ती थांबेचना. आधी वाटलं, बाहेरून ट्रक जातोय. मग तो घूं असा आवाज वाढत वाढत इतका झाला की खिडकीची काच थरथरली आणि पुढच्या बाईंनी कान झाकले. वहिनींनी तारांवर तळवा ठेवला, आवाज थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. नंतर मला त्यांनी सांगितलं की स्पीकरमधून निघालेला आवाज त्या मोठ्या पोटात शिरतो, तिथे घुमतो आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, असं चक्र चालू राहतं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की माणसं एकमेकांकडे बघताहेत आणि वहिनींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या आहेत.

उस्ताद उठला. माइकशी जाऊन लोकांकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, 'माफ करा मंडळी. ताईंना एकटीने वाजवायची सवय नाही. इतकी वर्षं हे सगळं मीच सांभाळायचो.' आणि गिटार घेण्यासाठी त्यांच्याकडे हात पुढे केला.

वहिनी म्हणाल्या, 'बस खाली.'

हे माइकमध्येच गेलं, त्यामुळे सगळ्या दुकानाने ऐकलं. तो बसला. वहिनींनी गिटारची वायर उपटून काढली आणि पुढची काही गाणी तशीच म्हटली. मागच्या रांगांना गिटार ऐकूच आली नाही, आणि ठरवलेली सगळी गाणी काही झाली नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून वाजवतात तशा. मालकीणबाई चांगल्या, त्या म्हणाल्या की पुढच्या महिन्यात पुन्हा करू. मी मात्र खुर्च्या अशा आपटून घडी केल्या की भाऊजींनी त्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

वहिनींच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही ती गिटार घेऊन दाढीवाल्याकडे गेलो. मी शाळेतून थेट आले होते, गळ्यात शिट्टी तशीच. दाराशी पाटी होती, माल परत घेतला जाणार नाही, फक्त बदलून मिळेल. वहिनींनी गिटार काउंटरवर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता, एखाद्याला नंबर वाढल्याचं सांगावं तसं. दाढीवाल्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुन्हा वर ढकलला. मग त्याच्या तोंडून निघून गेलं.

'मी त्यांना आधीच बोललो होतो, एकट्या गाणाऱ्याला ही देऊ नका, ही स्पीकरवर घुमते. याआधी दोघांनी परत आणली आहे.'

'मग?' वहिनींनी विचारलं.

'ते म्हणाले, असू दे. एकदा तोंडावर आपटली की कळेल तिला. येईल परत.'

मला काय वाटलं ते सांगू? माझ्या शाळेत मैदानावर मी दांडगाई रोज बघते. पाय घालून पाडणारं पोर निदान समोरून पळत येतं. हा माणूस आधी पाय घालून ठेवतो आणि मग पडलेल्याला हात द्यायला पहिल्या रांगेत येऊन बसतो. आणि कशासाठी? तर त्या नव्या मुलीचा आवाज उंच जायचा, पण तिला गाणी लिहिता येत नव्हती. बँडकडे नवीन गाणं नव्हतं. वहिनी हव्या होत्या, पण स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या नको होत्या. मी त्या दाढीवाल्यालाही सोडलं नाही. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं तर तोंडात काय मूग धरून बसला होतात? त्याने मान खाली घातली. म्हणाला, ते बरीच गिऱ्हाइकं आणतात.

मी आता उस्तादच्या ऑफिसात जाऊन काय काय बोलणार आहे ते सांगू लागले. वहिनी म्हणाल्या, 'आधी गिटार.' त्यांचा आवाज नेहमीपेक्षा आणखी खाली गेला होता.

त्यांनी दाढीवाल्याला दार लावून घ्यायला सांगितलं. भंगार म्हणवलेला तो स्पीकर काढायला लावला. तो अगदी धड होता. माइक लावला, उभं राहून वाजवायला खांद्याचा पट्टा मागितला. मग मला म्हणाल्या, तुम्ही दाराशी स्टुलावर बसा, माझ्याकडे पाठ करून. गिटारकडे बघायचं नाही, तिचा आवाज चांगला की वाईट ते सांगायचं नाही. शब्द कळले का, एवढंच सांगायचं.

मी म्हटलं, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

मी दाराच्या काचेतून रस्त्याकडे तोंड करून बसले. समोर एक माणूस सायकलची चेन बसवत होता. मागून वहिनींचा आवाज यायचा, एकच कडवं, मग थोडी खुडबुड, मग तेच कडवं दुसऱ्या गिटारवर. 'पहिली की दुसरी?' अगदी तोच स्वर, पडद्यामागच्या खोलीतला. सुरुवातीला मीही गांगरले. माझ्या एका शब्दावर एवढी मोठी खरेदी व्हायची. एकदा मी उगाच 'पहिली' म्हटलं, तर त्यांनी लगेच ओळखलं आणि म्हणाल्या, सारखंच वाटलं तर सारखंच म्हणा. मग मी घाबरणं सोडलं.

कडवं नवीन होतं, मी छतातून न ऐकलेलं. ते मुद्दाम तसं निवडलं होतं, म्हणजे मला आठवणीतून शब्द भरता येऊ नयेत. एका गिटारवर मला 'धार' ऐकू आलं, दुसरीवर कळलं की ते 'दार' आहे. एक गिटार इतकी लखलखीत वाजायची की जणू शब्दांच्या पुढे पुढे पळायची. एकीला वहिनींनी उभ्याने पट्टा लावला आणि गिटारची लांब मान खाली झुकायला लागली, ती त्यांनी गाऊनही बघितली नाही. एकीच्या तारा इतक्या जवळजवळ होत्या की त्यांची बोटं शेजारच्या तारेला लागायची. दाढीवाला आता कामाला लागला होता. भिडस्तपणा गेला होता, आपणहून तारा जुळवून देत होता, स्पीकर मुद्दाम जवळ ओढून आवाज चढवत होता, घुमते का बघायला.

शेवटी दोन उरल्या. दोन्हींवर मला शब्द न् शब्द कळत होता. मी तसं सांगितलं. मग वहिनींनी पूर्ण गाणं म्हटलं, दोनदा. पहिल्या वेळी मी सगळं ऐकलं. दुसऱ्या वेळी मी ऐकायचं विसरले. सायकलवाल्याची चेन बसली होती, तो निघून गेला होता, आणि मला तो कधी गेला ते कळलं नव्हतं. गाणं एका बाईचं होतं, जी घर सोडताना कुलूप लावते, उतरते, पुन्हा वर येऊन कुलूप ओढून बघते, आणि शेवटी तिच्या लक्षात येतं की आत असं काही राहिलेलंच नाही.

'पहिली की दुसरी?'

मी म्हटलं, दुसरी. आणि डोळे पुसून वळून बघितलं.

पहिली होती भोकाभोवती शिंपल्याची नक्षी असलेली, चकचकीत. वहिनींच्या गळ्यात होती ती दिसायला अगदीच साधी. लहान पोटाची, कमरेत निमुळती, मधासारख्या रंगाची, आणि खालच्या कडेला एक ओरखडा. दाढीवाला म्हणाला, ही तर मी समोर लावतच नाही, कुणी मागत नाही. ती मोठ्या गिटारपेक्षा स्वस्तही निघाली. उरलेल्या पैशांत त्याने कडक पेटी आणि तारांचे जोड दिले, आणि दारापर्यंत सोडायला आला. मला त्याची दया येत नव्हती, पण त्याला दोन शब्द ऐकवायचे राहिले होते तेही मी ऐकवले नाहीत.

फुटपाथवर उभं राहून, पेटी पायाशी ठेवून वहिनींनी उस्तादला फोन लावला. मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं, तो नेहमीच मोठ्याने बोलतो. आधी त्याने कानावर हात ठेवले, मग दाढीवाल्याला शिव्या दिल्या, आणि शेवटी म्हणाला की जे केलं ते तुझ्या भल्यासाठीच केलं, एकटीचं काम नाही हे.

वहिनी म्हणाल्या, 'मी पडताना बघायला तू पहिल्या रांगेत जागा धरून बसला होतास. त्यात माझं भलं कुठे होतं ते सांग.'

मग त्यांनी म्हटलं की माझी गाणी यापुढे बँडने म्हणायची नाहीत, आणि म्हणायचीच तर माझं नाव घेऊन म्हणायची. त्यावर तो लगेच उसळला. गाणी बँडची असतात म्हणे, एकट्यादुकट्याची नसतात.

'बरं,' वहिनी म्हणाल्या, 'मग पुढचं गाणं बँडला लिहायला सांग.' आणि फोन बंद केला. त्या पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या, मीही बसले, आणि बराच वेळ आम्ही दोघी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत राहिलो.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी पुस्तकांच्या दुकानात त्या गायल्या. गिटार घुमली नाही. शेवटच्या रांगेत मी मुद्दाम बसले होते, आणि ज्या ठिकाणी लोकांनी हसायला हवं त्या ठिकाणी माझ्या शेजारचे आजोबा हसले, म्हणजे शब्द पोचत होते. आता त्या तिथे दर महिन्याला गातात, शिवाय एका वाचनालयात आणि कधी कधी कुणाच्या घरच्या बैठकीत. गिटार भाऊजी उचलतात; लिफ्ट असली तरी जिन्याने जातात, कारण दुसऱ्या कुणी दुरुस्त केलेल्या लिफ्टवर त्यांचा भरवसा नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. उस्तादचा बँड वहिनींची दोन गाणी अजून म्हणतो, नाव न घेता. कीबोर्डवाल्याने एकदा येऊन वहिनींना सांगितलं की त्याला हे पटत नाही. पण तोही त्या गाण्यांना साथ करतोच. नुसतं न पटून काय उपयोग, हे मी त्याला जिन्यात गाठून विचारलं.

आणि मागच्या आठवड्यात ती नवी मुलगी चष्म्याच्या दुकानात आली. चष्म्यासाठी नाही. उस्तादने तिला सांगितलं होतं, तू नुसती गा, वाजवायच्या भानगडीत पडू नकोस. पण तिला वाजवायचं होतं, स्वतःचं काहीतरी लिहायचंही होतं, आणि गिटार कशी निवडायची हे कुणाला विचारावं ते कळत नव्हतं. वहिनींनी तिला जेवणाच्या सुट्टीत दाढीवाल्याकडे नेलं. पट्टा लावून उभं केलं, माइक लावून दिला आणि स्वतः दाराशी स्टुलावर पाठ करून बसल्या.

हे त्यांनी मला संध्याकाळी भाजी निवडता निवडता सांगितलं. मी म्हटलं, वहिनी, तुमच्या जागेवर आणून बसवलेली पोरगी ती, उद्या तुमचीच गाणी त्या गिटारवर म्हणेल. त्या म्हणाल्या, तिने थोडीच कुणाची जागा मागितली होती, आणि तिचा आवाज पातळ आहे, तिला थोड्या मोठ्या पोटाचीच गिटार जुळते.

मला हे अजून पटलेलं नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.